टॉवेल-टोपीचा रकाना

खंडेराव आबांच्या जुन्या डॉज गाडीचा विमा काढायला मी तिसऱ्यांदा मखमलाबादला गेलो, तेव्हा गाडी झेंडूच्या क्रेटांमागे उभी होती आणि तिच्या टपावर कोंबडी बसली होती. अकरा पानी फॉर्मात ‘वाहन कोठे ठेवले जाते’ यापुढे मी ‘बंदिस्त शेड’ लिहिलं. कोंबडीबद्दल प्रश्न नव्हता.

गाडी १९५० सालची. आबांच्या वडिलांनी गुलाब विकून ती देवळालीच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतलेली. बॉनेटच्या टोकाला चकचकीत शिंगवाला मेंढा. गेल्या वर्षी नाशिकच्या द्वारका चौकात एका टेम्पोने तिचं मडगार्ड चेपवलं. साध्या पॉलिसीने गाडीची किंमत तिच्या वयावरून धरली. आबांच्या हातात जे पडलं त्यात एक हॉर्न आला असता, तोही न वाजणारा.

“पुढचा टेम्पो गाडीच संपवील,” आबा म्हणाले, “आन् बापाची गाडी मी किलोवर घालीन.”

म्हणून मी त्यांच्यासाठी दुसरी पॉलिसी शोधली. तिच्यात गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून ठेवतात, वय कितीही असो. पुण्याहून माणूस येऊन अठरा लाख ठरवून गेला. आबांनी बॉनेटवर थाप मारली. “ऐकलं का गं?”

अट एकच होती. गाडी भाड्याने किंवा मोबदल्यावर द्यायची नाही.

“लग्नाला देता ना, आबा?”

“म्हंजे? भाऊकीतला एक नवरदेव दुसऱ्या गाडीत बसला नाय. वर फुलं बी आपलीच.”

“त्याचं काही घेता?”

“छ्या! टावेल-टोपी देतात, तेवढंच.”

मी पेन थांबवलं, तिथेच चुकलो. वीस वर्षं या धंद्यात काढली तरी प्रामाणिकपणाचा झटका कधी येईल सांगता येत नाही. मी कंपनीला विचारलं, लग्नात मानाचा टॉवेल-टोपी मिळतो, हा मोबदला का? नवव्या दिवशी उत्तर आलं : ‘सदर टॉवेल व टोपी यांचे प्रतिवापर अंदाजे मूल्य कळवावे.’

नवसाबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, पत्र्याची पेटी माझ्यापुढे उघडली. तोंडापर्यंत टॉवेल.

“काढा मूल्य. अंग पुसलं तर पाणी अंगावरच ऱ्हातं, टावेल कोरडा.” त्यांनी एक गुलाबी टॉवेल ओढला. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. “हा तर आपणच दिलेला. फिरून घरी आला.”

“त्याला विमा लागला नाय,” आबा म्हणाले.

मी ‘मूल्य शून्य’ कळवलं. कंपनीने कळवलं की मूल्य शून्य असलं तरी स्वीकार तो स्वीकारच. मालक काहीही घेत नाही असं सहीनिशी लिहून द्यावं, मग घरच्या लग्नाला हरकत नाही.

येत्या रविवारी आबांच्या पुतण्याचं, जीवनचं, लग्न होतं. “तिथे टोपी तेवढी टाळा,” मी म्हणालो, “सोमवारी सही करू.”

“मांडवात टोपी नाय म्हनायचं? त्यापेक्षा पंगतीत ताट लाथाडलेलं बरं.”

“नका जाऊ. पोट दुखतं म्हना,” नवसाबाई म्हणाल्या.

“सख्ख्या पुतण्याच्या लग्नात?”

शेवटी ठरलं की आबांनी जायचं, पण टोप्या वाटून होईपर्यंत गाडीतून उतरायचं नाही.

रविवारी मीही गेलो. एजंटाने गिऱ्हाइकाच्या घरी जेवणं कुठल्याच कलमात मोबदला धरलेलं नाही. मे महिना, दुपारचे दीड. आबा काचा लावून गाडीत बसले होते. माईकवरून तीनदा पुकारा झाला : “खंडेराव आबा असतील तिथून मांडवात यावं, मान घ्यावा.”

मग जीवनचा बाप धोंडीराम, आबांचा धाकटा भाऊ, स्वतःच टॉवेल-टोपी घेऊन आला. काच जराशी खाली झाली.

“दादा, उतर.”

“नाय उतरत.”

“काही चुकलं का आमचं?”

“नाय रे. विमा हाय.”

धोंडीरामने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो विमा. मग त्याने टॉवेल बॉनेटवर पसरला, टोपी मेंढ्याच्या शिंगांवर ठेवली आणि वळला.

मी खिडकीशी वाकलो. “आबा, सुटलो! तुम्ही काही घेतलंच नाही. गाडीने घेतलं. गाडीसाठी रकाना नाही.”

आबा काचेतून टोपीकडे बघत राहिले, मग मांडवाकडे एकट्याने चाललेल्या भावाकडे.

“म्हंजे भावानं टोपी मेंढ्याला घालायची, आन् आपण कंपनीला.”

“व्यवहारात असंच असतं.”

“असंल.”

दार कुरकुरलं. आबा उतरले. त्यांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. “धोंडू, थांब!” आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “जुनीच पॉलिसी चालू ठेवा, मनोजभाऊ. टेम्पो आला तर येऊ दे.”

अठरा लाखांचे अकरा कागद मी घडी घालून खिशात ठेवले. दोघे भाऊ मांडवात शिरले आणि जरा वेळाने माईक खाकरला : “विमावाले मनोजभाऊ, मान घ्यावा.”

गेलो. टॉवेल गुलाबी होता. घाम पुसला तर घाम तोंडावरच राहिला. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता.