अकरा जणींची एक रेघ

डॉ. माधवी टिपणीस यांच्या निवृत्तीला एकवीस दिवस उरले असताना ठाण्यातल्या त्यांच्या संस्थेने दोन ठराव केले. एक, बाईंना शाल-श्रीफळ द्यायचं. दोन, बाईंचा फ्रीझर रिकामा करायचा. दुसऱ्या ठरावाला अनुमोदन जरा जास्त उत्साहाने मिळालं, कारण संस्थेत जागेची टंचाई आहे आणि शाली कपाटात पडूनच आहेत.

फ्रीझर उणे ऐंशी अंशांचा. त्यात कळव्याच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या तीस बायकांचं दहा वर्षांचं रक्त होतं. म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, सीरम, ज्यात अँटिबॉडी असतात. अँटिबॉडी म्हणजे येऊन गेलेल्या रोगाची शरीराने ठेवलेली आठवण. डेंग्यूच्या बाबतीत ही आठवण पक्की असेल तर माणूस तरतो. अर्धवट असेल, तर तीच आठवण पुढच्या खेपेच्या विषाणूला हाताला धरून घरात घेते. अर्धवट आठवण घातक असते हे डोंबिवलीत सासू-सुना एकत्र राहतात अशा कोणत्याही घरात संशोधनाशिवाय कळतं, पण माधवीबाईंनी त्यावर तीस वर्षं घातली.

त्यांचं नाव झालं ते या कोळीवाड्यामुळे. जगात सगळीकडे ही आठवण वर्षा-दोन वर्षांत उतरू लागते. इथे तीसपैकी अकरा जणींची उतरलीच नाही. आलेखावर अकरा रेघा, एकीवर एक, सरळ. २०१३ साली तर अकराही एकदम वर चढल्या आणि एकदमच खाली आल्या. बाईंनी त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले आणि शोधनिबंधात सबंध पानभर कारण दिलं: एकच खाडी, एकच डास, एकच आहार. उरलेल्या एकोणीस जणींच्या रेघा इतर जगासारख्या वाकड्या होत्या, म्हणून त्यांना परिशिष्टात घातलं. निबंध परदेशात छापून आला. पुढची बढती, दोन पारितोषिकं आणि केबिनमधला एसी या अकरा रेघांवर उभे होते.

फ्रीझरची यादी करायचं काम दिपिकाकडे आलं. ती बाईंची शेवटची विद्यार्थिनी. दिवा स्टेशनजवळ राहायची आणि नळाला पाणी आलं की उशिरा यायची. त्या दिवशी लवकर आली, म्हणजे पाणी आलं नव्हतं.

"मॅडम, टाकायच्या आधी म्हटलं जरा हात साफ करावा. सीरमवरून सगळ्यांचे ब्लड ग्रुप काढले."

"कशाला? कुणाचं लग्न जुळवायचंय?"

दिपिका हसली नाही. तिने कागद पुढे केला. "२००८ला, पहिल्या वर्षी, त्या अकरा जणी वेगवेगळ्या ग्रुपच्या आहेत. ए, बी, ओ, एखादी एबी. २००९पासून अकराच्या अकरा एबी."

"रिएजंट बदल. रसायन खराब असेल."

"बदलला. तीनदा केलं."

"अगं, माणसाचा रक्तगट बदलत नाही, दिपिका."

"तेच मी म्हणतेय, मॅडम."

एबी रक्तगट शंभरात जेमतेम पाच-सात जणांचा. बाईंनी जुनी वही काढली. २००८ साली त्या अकरांत एबी एकच होती. क्रमांक चार, आवडाबाई नाखवा.

बाईंनी वहीची पानं पुढे उलटली. दिपिकाला वाटलं, पेपरचा विचार करताहेत. बाईंच्या डोळ्यांपुढे क्रमांक एकतीस होता. तिसांत एकतीस कसा, तर सुरुवातीला एक बाई गळाली होती आणि वहीत खाडाखोड केलेली बाईंना आवडत नसे. एकतीस म्हणजे कमळाबाई नाखवा, आवडाबाईंची धाकटी जाऊ, त्या अकरांतलीच एक.

२०१९च्या ऑक्टोबरात कमळाबाईंच्या मुलीचा, शालूचा, फोन आला होता. आईला ताप आहे, डेंग्यू निघालाय, ॲडमिट करू का? बाईंनी वही उघडून बघितली आणि सांगितलं, "अगं, तुझ्या आईच्या अँटिबॉडी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात भारी आहेत. पाणी पाज, घरीच ठेव." पाचव्या दिवशी कमळाबाई गेल्या. बाई मयतीला गेल्या होत्या. शरीराचं काही सांगता येत नाही असं सगळे म्हणाले, आणि बाईंनीही मान हलवली होती.

त्यांनी कुंडलिकला फोन लावला. रक्त काढायला तोच जायचा. आता निवृत्त होऊन खडवलीला भाजी लावत होता.

"मॅडम! भेंडी पाठवू का?"

"कुंडलिक, कोळीवाड्यात रक्त कुणाकुणाचं काढायचास?"

पलीकडे कोंबडा आरवला. मग कुंडलिक म्हणाला, "पहिल्या वर्षी तुम्ही स्टीलचा डबा दिलेला, तेव्हा सगळ्या आलेल्या. दुसऱ्या वर्षी बिस्किटपुडा. बाया मार्केटला गेलेल्या, मॅडम. तुम्ही देवळाच्या ओट्यावर फॉर्म भरत बसलेल्या आणि मला म्हणालेलात, एक पण जागा रिकामी नको. आवडाबाई बोलली, मी देते ना. मी बोललो, दे. मग दर वर्षी तीच."

"अकरा नळ्या?"

"तिचा हात चांगला होता. शीर लगेच सापडायची."

त्यात कुंडलिकला काही वावगं वाटलं नव्हतं आणि आताही वाटत नव्हतं. भेंडीचं त्याने पुन्हा विचारलं.

आता खरं तर सोपं होतं. फ्रीझर पंधरा दिवसांत रिकामा होणार होता. नळ्या वाफेच्या भांड्यात गेल्या की पुरावा संपला. दिपिका कुणाला बोलली नसती. निबंध मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागणार होतं, आणि कारण द्यायचं तर आधी आवडाबाईंना विचारावं लागणार होतं. बाईंना पारितोषिकांचं फारसं वाटत नव्हतं, एसीही नीट चालत नव्हता. पण आवडाबाईंना विचारायचं म्हणजे तुमच्या जावेला काय झालं ते सांगायचं. दोन रात्री त्यांनी हे मनात घोळवलं आणि तिसऱ्या दिवशी रिक्षा केली.

आवडाबाई ओट्यावर बसून सुके जवळे निवडत होत्या. सत्तरी ओलांडलेली, नाकात मोठी फुली, आवाज बाजारात घडलेला.

"अगो बाय, मॅडम! या या. आथा रगात बंद केलं का काय तुमी? आमाला वाटला, बाई वर गेली."

"अजून नाही. नंबर लागलाय." माधवीबाई शेजारी बसल्या. "आवडाबाई, तुम्ही दुसऱ्यांच्या नावानं रक्त द्यायचात?"

"द्यायची ना. जागा राखायची म्हणून."

"म्हणजे?"

आवडाबाईंना या प्रश्नाचीच गंमत वाटली. इतकी शिकलेली बाई आणि एवढं ठाऊक नाही. बाजारात एखादी आजारी पडली, बाळंत झाली, तर शेजारीण तिची जागा राखते. तिच्या फळीवर आपलीच चार बोंबलं मांडते, कुणी विचारलं तर तिचं नाव सांगते. जागा रिकामी दिसली की दुसरी येऊन बसते आणि बसलेली उठत नाही. "तुमचीबी वही तशीच. नाव गेलं तर परत लागंल का? माज्या अंगात रगात मोप. एकीसाठी दिलं, धा जनींसाठी दिलं, मना काय कमी परतंय?" त्यांनी बोटांवर नावं मोजायला घेतली. सहा झाली, सात झाली. आठव्या बोटावर अंगठा थांबला.

"कमलीचीबी," त्या म्हणाल्या.

जवळ्याच्या सुपावर माशी येऊन बसली. आवडाबाईंनी ती हाकलली नाही.

माधवीबाईंनी रिक्षात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं: फक्त नोंदीसाठी विचारलं हो, बाकी काही नाही. ते तोंडाशी आलं होतं.

"तुमी शालूला फोनवर सांगलेलं," आवडाबाई सावकाश म्हणाल्या, "आयचं रगात चांगलं हाय. घरीच ठेव."

"हो."

"ते माजं रगात चांगलं व्हतं."

"हो."

बाजारात घडलेला आवाज इतका खाली येऊ शकतो हे माधवीबाईंना माहीत नव्हतं. "मंग मी मारली तिला."

"नाही. फोनवर मी बोलले. तपासायचं काम माझं होतं. दहा वर्षं अकरा रेघा एकसारख्या चालल्या आणि मला वाटलं, शोध लागला. आवडाबाई, मी छापणार आहे की चूक माझी झाली."

"तुमची कशाला? जागा मी राखलेली."

"वही माझी होती."

यावर दोघींचं भांडण झालं. चूक आपलीच म्हणून दोन बाया एकमेकींवर ओरडताहेत असं भांडण त्या ओट्यावर पूर्वी झालं नसावं. शेजारणी बाहेर आल्या, काही कळेना म्हणून आत गेल्या. शेवटी आवडाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"शालूला मी सांगंन," त्या म्हणाल्या. "तुमी नको. तुमी कागदातलं बोलाल." मग थोड्या वेळाने, "तिचं सोताचं रगात काय हाय का तुमच्याकरं? कमलीचं?"

"पहिल्या वर्षीचं. एक नळी."

"ती टाकू नका."

निबंध मागे घेतल्याचं पत्र बाईंनी निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी पाठवलं. कारण एका ओळीत: नमुन्यांची ओळख पटवण्यात प्रमुख संशोधिकेची चूक. संपादकांकडून आपोआप निघणारं उत्तर आलं, आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत. समारंभात संचालकांनी अकरा रेघांचा दोनदा गौरवाने उल्लेख केला. त्यांना पत्र पोचलं नव्हतं, किंवा भाषण आधीच टाईप झालं होतं. बाईंनी उठून माईक घेतला आणि खरं सांगितलं. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत दिपिका तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी फ्रीझर रिकामा झाला. संस्थेत एखादी वस्तू टाकायची तर एक सही लागते, ठेवायची तर अर्ज तीन प्रतींत. बाईंनी तिन्ही हाताने लिहिले. नमुने: एक. नाव: कमळाबाई नाखवा. संशोधनातील उपयोग: नाही.

"मॅडम, कारणाचा रकाना राहिला," दिपिका म्हणाली.

बाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं, जागा राखणे. तिन्ही प्रतींवर.

अर्ज अजून विचाराधीन आहे. नळी सध्या दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये कोपऱ्यात आहे. आठवड्यातून एकदा दिपिका दार उघडून बघते, तिथे दुसरं कुणी काही ठेवलं नाही ना.