शेवंतीचे एकशेदहा पौंड

मित्रांनो, वाकोल्याच्या एका लहान दवाखान्यात सत्तरहून जास्त वर्षे उभा असलेला वजनकाटा मी. पाय ठेवायला लोखंडी पाट, डोळ्यांसमोर पितळी दांडी आणि पाठीमागे वर-खाली सरकणारी उंचीची पट्टी, असा माझा देह. लोक दांडीकडेच बघत. माझ्या पट्टीला फारसे कोणी विचारत नसे.

१९५४ साली एकोणीस वर्षांची शेवंती माझ्यावर येऊन उभी राहिली. तिला नर्स व्हायचे होते, पण इस्पितळाने वजन कमी म्हणून परत पाठवले होते. सहा महिन्यांनी पुन्हा या, असे सांगून. सोबत आई सुगंधा होती आणि मामेबहीण माणिक. माणिकची निवड झाली होती. माझी दांडी दोघींच्याही वेळी शहाण्णव पौंडांवर स्थिरावली.

शेवंतीने डॉक्टर मृणालिनीबाईंना सरळ विचारले, "वजन सारखंच आहे ना आमचं? मग हीच पास कशी?"

बाईंनी माझी पट्टी वर ओढली. माणिक चार फूट नऊ इंच भरली, शेवंती पाच फूट चार. मग पौंडांचे किलो आणि फुटांचे मीटर करून त्यांनी कागदावर वजनाला उंचीने भागले, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनेच भागले. माणिकचे जवळजवळ एकवीस आले, शेवंतीचे साडेसोळा. आज तुम्ही याच हिशेबाला बीएमआय म्हणता, आणि मोठ्या माणसाचा आकडा साडेअठराच्या खाली असला तर वजन कमी मानता.

सुगंधाला ते पटले नाही. "आमच्या घराण्यात सगळीच बारीक. तां काय दुखणां न्हय," ती म्हणाली.

हा आकडा म्हणजे निकाल नाही, फक्त इशारा आहे, असे बाईंनी समजावले. क्षय तर नाही ना म्हणून शेवंतीची छाती तपासली, ती स्वच्छ निघाली. मग घरात कोण कधी जेवते, ते विचारले. आधी बाप आणि दोघे भाऊ, मग शेवंती, शेवटी सुगंधा. उरेल ते. मासळीचा तुकडा शेवंतीपर्यंत क्वचितच पोचे. तिच्या उंचीला निदान एकशेदहा पौंड हवेत, असे बाईंनी सांगितले.

"एकशेदहा पौंड करीन," एवढेच बोलून शेवंती गेली.

त्या संध्याकाळी ती वडिलांच्या शेजारी पान मांडून बसली, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले. वडील काशीराम दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ताटातला बांगडा तिच्या ताटात ठेवला. भाकरी, उसळ, मूठभर शेंगदाणे, जमेल तेव्हा दूध, असे चालू झाले. दर महिन्याला ती येई. एका महिन्यात तापाने चार पौंड गेले, तरी पुढच्या महिन्यात ती पुन्हा माझ्यावर उभी होतीच.

सहाव्या महिन्यात दांडी एकशेसातवर थांबली. मदतनीस धोंडूला वाईट वाटले. "तीन पौंडांनी काय होतं गं? मी एकशेदहा लिहितो," तो म्हणाला.

"नको, धोंडूमामा. खरं तेच लिहा."

तिने इस्पितळाकडून आणखी एक महिना मागून घेतला. तो संपता संपता ती माझ्यावर उभी राहिली तेव्हा दांडी एकशेदहावर आडवी झाली. मित्रांनो, ती तशी स्थिर ठेवताना मला माझ्या लोखंडाचा अभिमान वाटला.

शेवंतीची निवड झाली. कागद दाखवायला ती आईला घेऊन आली, आणि जाता जाता म्हणाली, "आये, आता तू उभी रव."

"माका काय झालां?" सुगंधा मागे सरली.

शेवंतीने तिचा हात धरून तिला पाटावर चढवले आणि माझी पट्टी स्वतः तिच्या डोक्यावर टेकवली. सुगंधाचे वजन आयुष्यात पहिल्यांदाच होत होते. वजनाला उंचीने दोनदा भागून आलेला आकडा लेकीच्या जुन्या साडेसोळाहूनही कमी निघाला. शेवंतीने आईला हात धरून खाली उतरवले.

"उद्यापासून चार पानं एकदम नाही मांडायची," ती म्हणाली. "पाच मांडायची."

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे, दांडी थोडी अडखळते. मला तेलपाणी करा, काटा शून्यावर आहे ना ते बघा. आणि घरातल्या ज्या माणसाला कधीच कोणी उभे केले नाही, त्याला आधी माझ्याकडे घेऊन या.