बाकीमावशी शेवट सांगते

"हे पुस्तक माझ्या मुलीला कोणी दिलं?"

काउंटरपलीकडच्या माणसाने पुस्तक आपटलं नाही, अगदी हळू ठेवलं. आपटणारी माणसं बाकीमावशीला नवी नव्हती. ती दोन मिनिटांत थंड होतात, काही जण जाताना सॉरीसुद्धा म्हणतात. हळू ठेवणाऱ्याची मात्र तिला भीती वाटली. त्याच्या खिशावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं नाव शिवलेलं होतं आणि नखांच्या कडांना ग्रीस होतं.

"मीच दिलं," मावशी म्हणाली. "का हो, फाटलं का?"

"फाटलं असतं तर भरून दिलं असतं. आठवडा झाला, पोरगी संध्याकाळ झाली की दारात जाऊन बसते. दार लावू देत नाही. जेवायला आत येत नाही. आई येणार म्हणते. शेवटी त्या खारीची आई परत येते ना, तशी."

"येते?" मावशीच्या तोंडून निघून गेलं. "परत येते?"

तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्ही वाचलं नाहीत?"

आता हे समजावून सांगणं कठीण होतं. वाचनालयात येणाऱ्या कोणालाही ते सांगावं लागत नसे. महिन्याला नव्या पुस्तकांचं खोकं आलं की मावशी त्यातली पुस्तकं घरी न्यायची, मोठ्यांची आणि छोट्यांची दोन्ही, आणि दर शनिवारी दुपारी टेबलाशी उभी राहून त्यांच्याबद्दल बोलायची. आधी खुर्च्यांवरच्या मोठ्यांसाठी, मग सतरंजीवरच्या चिल्ल्यापिल्ल्यांसाठी. ती बोलायला लागली की पंख्याचासुद्धा आवाज ऐकू येत नसे. फक्त ती कुठलंही पुस्तक शेवटपर्यंत वाचत नसे. कादंबरी असेल तर शेवटचं प्रकरण, चित्रांचं पुस्तक असेल तर शेवटचं पान ती सोडून द्यायची. वाचून परत आणणाऱ्याला विचारायची, "हं, बाकी काय झालं?" मग तो माणूस काउंटरला रेलून शेवट सांगायचा आणि सांगण्याच्या भरात पुढचं पुस्तक घेऊन जायचा. त्यावरून तिला बाकीमावशी हे नाव पडलं होतं. तिला स्वतःला ही युक्ती वाटत नसे. गोष्टीचा शेवट आपण एकटीने उरकायचा, हे तिला एकटीने जेवायला बसण्यासारखं वाटायचं.

खारीच्या पुस्तकातलं पिल्लू वादळात ढोलीत एकटं राहतं. भूक लागते तेव्हा दाणे शोधतं, थंडी वाजते तेव्हा शेपटी पांघरतं, अंधाराला घाबरेनासं होतं. मुलीची आजी काउंटरशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली होती, "हिची आई गेली हो. काहीतरी द्या रमायला." मावशीने विचार केला, एवढं सगळं शिकलेलं पिल्लू, आता एकटंच जगणार. तिने शेवट मनानेच ठरवून टाकला होता. आणि पुस्तक त्या चिमुकल्या हातांत ठेवताना वर कौतुकाने म्हणालीही होती, "अगदी तुझ्यासाठीच लिहिलंय हो हे."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "फार मोठी चूक झाली."

"चूक झाली म्हणून काय करू मी?" त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तिला तर पुस्तकातलं खरंच वाटतंय सगळं. आम्ही सांगितलं होतं, आई लांबच्या गावी कामाला गेलीय. विचारणं थांबलं होतं हळूहळू. आता पुन्हा तेच. यापुढे माझ्या घरात तुमचं एकही पुस्तक नको."

तो निघून गेला. आतल्या खोलीतून ग्रंथपाल बाहेर आले. ते भले गृहस्थ होते, त्यांना कुठलाही प्रश्न संध्याकाळच्या चहापर्यंत मिटलेला आवडायचा.

"मावशी, मनाला लावून घेऊ नका. माणूस दुःखात आहे. तुम्ही चूक कबूल केलीत, विषय संपला."

"संपला कसा? पोरगी दारात बसलीय."

"पण त्यात आपण काय करणार?"

"ते मला अजून कळलेलं नाही," मावशी म्हणाली. "पण काहीतरी करणार. नव्या खोक्याची चावी द्या."

त्या दिवशी तिने काउंटर सोडला आणि मागच्या खोलीत फरशीवर बसकण मारली. खोक्यातलं छोट्यांचं एकेक पुस्तक काढायचं आणि शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. पहिल्या वेळी शेवटचं पान उलटताना तिचा हात अडला, बोट तिथेच राहिलं. मग स्वतःलाच म्हणाली, "नखरे पुरे," आणि उलटलं. ससुल्याला घर मिळालं. हरवलेलं बदक सापडलं. रुसलेला चंद्र परत आला. सगळेच्या सगळे परत येत होते! मावशीला इतका राग आला की तिने बदक खोक्यात जरा जोरातच टाकलं. पोरांना गोड गोड भरवायला सगळे पुढे. कडू औषध द्यायची वेळ आली की सगळ्यांना दुसरीकडे काम.

घरी तिची थोरली बहीण, अक्का, ताट वाढून बसली होती. मावशीच्या हातातल्या पिशवीतून आणखी पुस्तकं बाहेर पडली.

"शेवटासकट वाचतेयस म्हणे," अक्का म्हणाली. गावभरच्या बातम्या तिला मावशीच्या आधी कळत. "इतकी वर्षं पंगतीतून अर्धपोटी उठलीस. आता भरलं का पोट?"

"धास्ती भरलीय पोटात."

"कशाची गं? एवढं काय, लहान पोर आहे, विसरेल."

"तेच तर सगळे म्हणतायत, अक्का. विसरेल म्हणून तिला कोणी खरं सांगत नाहीये. आणि ती काही विसरत नाहीये."

अक्काने मावशीच्या ताटात आमटी वाढली आणि पुस्तकं ओली होऊ नयेत म्हणून बाजूला सरकवली.

शनिवारी नेहमीची मंडळी जमली. एक निवृत्त कंडक्टर कायम पहिल्या खुर्चीत बसायचे. ते म्हणाले, "मावशी, त्या खुनाच्या कादंबरीचं बाकी सांगायला आलोय, ऐका तर." मावशी म्हणाली, "आज नाही. आज माझ्या डोक्यात जागा नाही." मोठ्यांना तिने दोन नव्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगितलं आणि सतरंजीवरच्या पोरांना खोक्यापाशी मोकळं सोडलं. त्या गोंधळात एका पोराने तळातलं पातळ पुस्तक ओढून काढलं आणि नाक मुरडून टाकून दिलं. "यात मरतात," तो म्हणाला.

मावशीने ते उचललं.

पाणमांजराच्या पिल्लाची गोष्ट होती. चौथ्याच पानावर आई मरते. "आई मेली" असंच छापलं होतं, झोपली नाही, देवाघरी गेली नाही, लांब गेली नाही. पुढची पानं पिल्लू काठाकाठाने शोधत फिरतं. मावशीने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग शेवटचं पान पुन्हा वाचलं. हे द्यायला छाती लागते, तिला वाटलं. आणि द्यायचं मुलीला नाही.

त्या संध्याकाळी ती पत्ता शोधत लिफ्टवाल्याच्या घरी गेली. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. शेवटच्या वळणावर तिने दम घेण्यासाठी कठडा धरला आणि वर पाहिलं तर उघड्या दारात मुंगी बसली होती. घरात तिला मुंगीच म्हणायचे. फ्रॉकचं टोक गुडघ्यांखाली घट्ट खोचलेलं, नजर जिन्याकडे. पावलं ऐकून तिचं तोंड उजळलं आणि मावशी दिसताच विझलं. मावशीला आयुष्यात कोणी इतक्या स्पष्टपणे नको म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला आपण इथे आलो नाही हे तिने स्वतःला बजावलं.

बाप आतून आला. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलंत. दोन मिनिटं खाली या, हिच्या कानावर नको."

तो अर्धा जिना उतरला. मावशीने पिशवीतून पुस्तक काढलं.

"नको म्हटलं ना! आणि मुलांची पुस्तकं मी वाचत नाही."

"हे मोठ्यांचंच आहे. चित्रं आहेत, एवढंच." ती थांबली नाही. थांबली तर तो वर जाईल, हे तिला दिसत होतं. "नवीन आलंय. यात पाणमांजराची आई मरते. चौथ्या पानावर. मेली असंच लिहिलंय. पिल्लू तिला शोधतं, सगळ्यांना विचारतं, सगळे वेगवेगळं काहीतरी सांगतात. शेवटी म्हातारं कासव खरं सांगतं. मग पिल्लू खूप रडतं. एक अख्खं पान रडतं. आणि शेवटच्या पानावर..."

उभ्या आयुष्यात मावशीने कोणाला शेवट सांगितला नव्हता.

"शेवटच्या पानावर ते पाण्यात उताणं पडतं, पोटावर दगड ठेवतं आणि त्यावर शिंपला फोडून खातं. आईने शिकवलं होतं तसं. एवढंच. आई येत नाही."

तो कठड्याला टेकला. त्याने ग्रीसची नखं एकमेकांवर घासली.

"लिफ्टमध्ये माणसं अडकतात ना," तो म्हणाला, "तर मी बाहेरून ओरडून सांगतो, घाबरू नका, दोन मिनिटांत उघडतो. दोन मिनिटांत कधीच उघडत नाही. पण सांगावं लागतं. नाहीतर आत धिंगाणा घालतात. हिलाही तसंच..."

"अरे, पण तुझं दार शेवटी उघडतं," मावशी म्हणाली. ‘तुम्ही’ सुटून ‘तू’ कधी आलं, ते तिलाही कळलं नाही. "हे उघडायचं नाही. आणि ती आत एकटी बसलीय."

"मला नाही जमणार, मावशी."

"नाहीच जमणार. म्हणून तर पुस्तक आणलंय. तू नुसतं वाच. सांगायचं काम ते करेल."

"तुम्ही वाचा ना तिला. तुम्हाला सवय आहे."

मोह फार मोठा होता. मावशीचं वाचणं ऐकून रडकी पोरं गप्प व्हायची. ते तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला अभिमानही होता. पण तिने पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि आपले दोन्ही हात पिशवीत घातले.

"माझ्याकडून ऐकलं तर ती गोष्ट होईल," ती म्हणाली. "तुझ्याकडून ऐकायला हवं."

तो वर गेला. मावशी जायला निघाली होती, पण पाय उतरेनात. वळणावरच्या पायरीवर ती भिंतीला टेकून बसली. वरून त्याचा आवाज आला, शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखा, शब्द तोडत तोडत. चौथ्या पानाशी तो थांबला. मग त्याने ते वाक्य वाचलं.

"माझी आई पण?" मुंगीने विचारलं.

मावशीने पिशवीचा बंद घट्ट धरला.

"हो," बाप म्हणाला. "तुझी आई पण. मी खोटं बोललो होतो."

मुंगी रडली. जिन्यावरच्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशी रडली, आणि बापही. खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं. मावशीने त्या बाईला हातानेच आत जा म्हणून खुणावलं. तिला वाटत होतं वर धावावं, पोरीला पोटाशी घ्यावं. ती जागची हलली नाही.

हळूहळू रडणं ओसरलं. त्याने पुन्हा वाचायला घेतलं, काठाकाठाने फिरणारं पिल्लू, कासव, रडण्याचं पान. तिथे त्याचं वाचणं थांबलं. पुस्तक मिटण्याची चाहूल लागली.

मावशीला पुढचा शब्द न् शब्द पाठ होता. ओठ हलवायचा अवकाश होता. तिने ते घट्ट मिटून घेतले.

"मिटू नकोस ना, बाबा," वरून बारीक, भरल्या नाकाचा आवाज आला. "अजून एक पान आहे."

मग कागद सरकला. बापाने घसा खाकरला आणि पुढे वाचू लागला.