निळ्या गाडीचा नंबर

"चौकात आलेय, जागा शोधतेय," असं सांगून लेकीनं फोन ठेवला, तसा जोडेवाला दाराकडे धावला आणि काचेवरचा कागद नखानं सोलायला लागला. 'महिनाअखेर दुकान बंद होत आहे.' अक्षर त्याचंच आणि चिकटपट्टीही त्यानंच सढळ हातानं लावलेली, त्यामुळे आता ती निघता निघेना. शेवटी कागद कसाबसा सुटला आणि घडी होऊन खिशात गेला.

लेकीला हे दारावरून कळायला नको होतं. समोर बसवून सांगायचं होतं, आणि सांगून झालं की एक विचारायचंही होतं. तो दुकानामागच्या खोलीतच राहायचा. दुकान गेलं की खोलीही जाणार. मी तुझ्याकडे राहायला येऊ का? बस, एवढंच. आठ दिवस तो हे घोकत होता आणि दर वेळी 'येऊ का'पाशी अडत होता.

दुकान बंद पडण्यात नवल काहीच नव्हतं. शेजारचा चष्मेवाला गेला, समोरचा टोपीवाला गेला, सगळे गावाबाहेरच्या मॉलच्या आसऱ्याला. गिऱ्हाइकाला तरी नावं कशी ठेवायची? बुटाला नवी टाच बसवायला पडत नाहीत एवढे पैसे इथे तासभर गाडी उभी करायला पडायचे. मॉलमध्ये दिवसभर गाडी ठेवा, कुणी विचारत नाही. बुटापेक्षा चाक महाग झालं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचा. हल्ली सांगायला येणारे-जाणारेही उरले नव्हते.

लेक आत आली. माणसाच्या तोंडाआधी पाय बघायची त्याची जन्माची खोड. तिच्या पायात पांढरेशुभ्र तयार बूट होते.

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड. ती चालायला लागल्यापासून तिचा प्रत्येक जोड त्यानं केलेला, डाव्याचा तळ चढवून. तिच्या त्या डुलत्या चालीवरून आईनं तिला ठुमकी म्हणायला सुरुवात केली, आणि आई गेली तरी नाव राहिलं.

"मॉलमधले?" त्यानं विचारलं.

"हो बाबा. आत रबराची गादी घालून देतात."

"दुखत नाही?"

"संध्याकाळी थोडंसं. पण तिथे कसं, गाडी लावा, बूट घ्या, निघा. इथे तीन चकरा मारल्या तेव्हा कुठे बँकेच्या मागे जागा मिळाली. अर्ध्या तासाचेच पैसे भरलेत हं मी. लूट आहे नुसती!"

अर्धा तास! अर्ध्या तासात तर तो घसा खाकरण्यापलीकडे जाणार नव्हता.

"तू बस ठुमके. मी आलोच."

कोपऱ्यावरच्या पार्किंगच्या यंत्रापुढे तो उभा राहिला. यंत्रानं गाडीचा नंबर विचारला. तो त्याला तोंडपाठ होता. लेकीनं निळी गाडी घेतली त्या दिवशी बायकोनं तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. बायको गेली, वर्षं उलटली, पण ते कॅलेंडर काढायला त्याचा हात धजला नव्हता. त्यानं एकेक आकडा जपून दाबला, खिसा रिकामा केला आणि पावती घेऊन लगबगीनं परतला.

"हे घे. आणखी दोन तास. आता घाई करायची नाही."

"बाबा! एवढे पैसे? वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागलंय. बस."

ती हसली. बूट काढून तिनं पाय स्टुलावर ठेवले. त्यानं टेप काढून डाव्या पायाचं माप घेतलं. मापाची गरज नव्हती, तिचे जोडे कापून ठेवलेच होते, फक्त टाच ठोकायची बाकी होती. पण पाय हातात धरल्यावर बोलणं सोपं जाईल, असं त्याला वाटलं होतं.

"ऐक ना," तो म्हणाला.

"बाबा, पाचच मिनिटं डोळे मिटू? रात्रभर धाकटीला ताप होता."

आणि ती झोपलीसुद्धा. लहानपणी अशीच झोपायची, ह्याच बाकावर, हातोडीच्या आवाजात. गंमत अशी, की आवाज थांबला की टक्क जागी व्हायची. म्हणून त्यानं टाच ठोकायला घेतली. टाच बसली, तरी ठोकणं थांबवेना. मग उगीचच कातड्याच्या तुकड्यावर हलक्या हातानं ठोकत राहिला, तास झाला, दीड तास झाला. दोन तास विकत घेतले आणि लेक झोपून गेली, पण त्याला त्यात तोटा वाटला नाही. किती तरी दिवसांनी कुणी त्याच्यासमोर असं निवांत झोपलं होतं.

ती उठली तेव्हा वेळ संपत आली होती.

"अगं बाई! उठवलं का नाही?"

"पैसे भरलेली झोप. वाया कशाला घालवायची?"

गाडीपाशी विचारू, असं मनाशी ठरवून तो जोडे काखेत मारून तिच्याबरोबर निघाला. बँकेच्या मागे निळी गाडी कुठे दिसेना. तो शोधत पुढे गेला, आणि मागून काहीच चाहूल येईना म्हणून वळला, तर ती एका पांढऱ्या गाडीपाशी थांबली होती. काचेवर दंडाची चिठ्ठी होती.

"पण तुम्ही भरले होते ना?"

त्यानं पावती पुढे केली. लेकीनं ती वाचली.

"हा निळ्या गाडीचा नंबर आहे, बाबा."

"मग?"

"ती विकली. दोन वर्षं होतील."

"मला सांगितलं होतंस?"

तिनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"राहूनच गेलं सांगायचं. जाऊ दे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. होतं असं. दंड भरेन मी."

ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती समजुतीनं बोलली, परक्याशी बोलतात तशी. जिच्या दारात दोन वर्षं कुठल्या रंगाची गाडी उभी आहे हे आपल्याला ठाऊक नाही, तिच्या घरात खाट मागायची कुठल्या तोंडानं?

"मघाशी काही म्हणत होतात का, बाबा?"

"नाही गं. हे जोडे घे. संध्याकाळी दुखायला लागलं तर घाल."

तिनं जोडे मागच्या सीटवर ठेवले. काच खाली करून म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्हीच या ना मॉलमध्ये. निवांत बसू. तिथे पार्किंग फुकट असतं."

"येईन की," तो म्हणाला. त्याच्याकडे जन्मात कधी गाडी नव्हती.

गाडी वळणाआड जाईपर्यंत तो मागचा नंबर वाचत राहिला. मग तोच ओठांतल्या ओठांत घोकत दुकानात आला आणि कॅलेंडरवर बायकोच्या अक्षराखाली त्यानं तो नीट लिहून ठेवला.

नंतर खिशातला कागद काढून घडी उलगडली. चिकटपट्टीचा चिकटपणा गेला होता. कागद काचेवर धरेपर्यंत त्याला बराच वेळ अंगठा दाबून उभं राहावं लागलं.