तोंडापुढचा ग्लोव्ह

मित्रांनो, मी एक जुना चामडी ग्लोव्ह आहे, बेसबॉलच्या एका पिचरचा. सध्या गॅरेजातल्या फळीवर रंगाच्या डब्यांशेजारी माझा मुक्काम असतो. मी दमलो आहे. चेंडू झेलून झेलून दमला असेल बिचारा, असे तुम्हांला वाटेल. पण पिचर चेंडू टाकणारा, त्याच्या ग्लोव्हला झेलण्याचे काम बेताचेच. माझा शीण दुसऱ्याच कामाचा आहे.

टेक्सासमधल्या एका लहानशा कारखान्यात मी जन्मलो. माझी बोटे आधी उलटी शिवली, मग लाकडी दांड्याने एकेक सुलटी केली, आणि तापलेल्या लोखंडी पंजावर चढवून मला हाताचा आकार दिला. मी उजव्या हातात बसणारा, म्हणजे डावखुऱ्या माणसाचा. डावखुरे थोडेच, त्यामुळे दुकानात मी बराच काळ धूळ खात पडलो होतो. मग एके दिवशी नेब्रास्कातल्या मक्याच्या गावाकडचा एक लांबडा तरुण आला, माझ्या पोटात मूठ आपटून पाहिली आणि मला घेऊन गेला. त्याचे नाव वेंडल क्रोस. त्याने माझ्या पोटात चेंडू ठेवला, वरून पट्टा आवळला आणि मला गादीखाली घालून त्यावर झोपला. नवा ग्लोव्ह असाच माणसाळतो.

माझे खरे काम लपवण्याचे. चेंडूवर बोटे कशी धरली आहेत ते समोरच्याला दिसू नये म्हणून ती माझ्यात दडवायची. बोलतानाही मला तोंडापुढे धरायचे, कारण समोरचा संघ ओठांवरून बोलणे ओळखतो. वेंडलचे चेंडू झेलणारा कॅचर युसेबियो डावाच्या मध्येच त्याच्यापाशी यायचा आणि दोघे तोंडापुढे ग्लोव्ह धरून कुजबुजायचे. लोकांना वाटे, काय डावपेच शिजतायत! पुष्कळदा युसेबियो एवढेच म्हणत असे, "आज बसमध्ये माझ्या शेजारी बसू नकोस. तू फार घोरतोस."

एका उन्हाळ्यात वेंडलला मोठ्या संघात बोलावणे आले. हजारो माणसे त्याच्या नावाने ओरडत होती, आणि तो मैदानात उतरताना माझ्या मनगटाच्या पट्टीवर ओठ टेकवत असे. ते दिवस मला फार आवडले. पुढच्या वर्षी त्याला परत खालच्या संघात पाठवले. मग लहान गावांची मैदाने, उकडलेले शेंगदाणे, बसमधले अवघडलेले पाय. अजून एकदा वर जायचे, एवढेच त्याच्या मनात होते.

माझी निगा मात्र त्याने कधी चुकवली नाही. बोटाच्या टोकाने घडीघडीत तेल लावायचा. दोरी तुटण्याआधीच नवी ओवायचा. युसेबियो त्याला छळायचा, "नशीब बघा या ग्लोव्हचं! बायको तिकडे फोनची वाट बघतेय आणि हा इथे याला मालिश करतोय."

पुढे वेंडलचा कोपर दुखू लागला. जोरात चेंडू टाकला की तो घाम पुसल्यासारखे करून मला तोंडापुढे धरायचा आणि माझ्याआड कण्हायचा. कुणी विचारले तर ठरलेले उत्तर, ठीक आहे. हात दुखतो म्हणणाऱ्याच्या जागी दुसऱ्या दिवशी कुणी पोरसवदा पिचर उभा असतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याचे ते कण्हणे मी एकटा ऐकत राहिलो. मी दमलो तो त्यानेच.

ऑगस्ट सरत आला होता. मोठ्या संघाला एक डावखुरा पिचर हवा होता आणि त्यांचा माणूस सामना बघायला पहिल्या रांगेत बसला होता. वेंडलच्या वयाला ही शेवटचीच संधी. त्याने बायकोला, डॉनाला, फोनवर तसे सांगितलेही होते. डावांच्या मधल्या वेळात माझी एक दोरी सुटली. वेंडल बाकावर बसून गाठ मारू लागला, पण डाव्या हाताच्या बोटांत दोरी धरवेना. दोनदा निसटली. युसेबियोने मला ओढून घेतले आणि गाठ मारून दिली.

मग तो हळूच म्हणाला, "याची दोरी जरा झिजली की लगेच बदलतोस. कोपर काय फुकटात मिळालाय?"

वेंडल मला हातात चढवून मैदानात गेला. पहिला चेंडू मातीत पडला. दुसराही. तेव्हा म्हातारा कोच लॅमर सावकाश चालत आला, मागोमाग युसेबियो. आमच्यात रीत अशी की कोचने तळवा पुढे केला की पिचरने वाद न घालता त्यावर चेंडू ठेवायचा आणि निघून जायचे. पण पहिल्या रांगेत कोण बसले आहे ते लॅमरलाही माहीत होते. त्याने हात खिशातच ठेवला.

"हात कसा आहे?" त्याने विचारले.

वेंडलने मला तोंडापुढे धरले. पुढचे शब्द मला पाठ होते. पण नुसता श्वास लागत राहिला. मग त्याने मला खाली घेतले आणि उघड्या तोंडाने, सगळ्यांदेखत म्हणाला, "दुखतोय, कोच. एप्रिलपासून दुखतोय. आता बोटंच कळत नाहीत."

"आणि हे आत्ता सांगतोयस?"

"आत्ता तरी सांगतोय ना," युसेबियो म्हणाला.

लॅमरने तळवा पुढे केला.

शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. वेंडलचा डावा हात पुरता सरळ होत नाही. गावच्या धान्यकोठारात तो वजनकाट्यावर बसतो. चेंडू टाकायचाच झाला तर उजव्या हाताने टाकतो, आणि मी तर उजव्याच हातात बसणारा. म्हणून मी फळीवर आलो. तेल नाही, पाणी नाही, चामड्याला भेगा पडल्या. वाईट वाटते, ते का लपवू?

गेल्या रविवारी त्याच्या मुलीने, जोसीने, मला खाली काढले. ती बापासारखीच डावखुरी. अंगणात वेंडलने वेड्यावाकड्या उजव्या हाताने चेंडू टाकला. तो माझ्या काठावर आदळून तिच्या अंगठ्याला लागला. तिने झटकन मला तोंडापुढे धरले. माझ्याआड तिचे ओठ थरथरत होते.

"काही नाही झालं, बाबा. ठीक आहे."

वेंडल जवळ आला. सरळ न होणाऱ्या हाताने त्याने मला हळूच तिच्या तोंडापुढून खाली केले.

"दाखव बघू," तो म्हणाला. ती मोकळेपणी रडली.

मित्रांनो, घरातल्या जुन्या ग्लोव्हला तेल लावा, फार बरे वाटते. पण कुणी माझ्याआडून "ठीक आहे" म्हणाले, तर त्याच्या तोंडापुढून मला जरा बाजूला करा. मला आता नुसता चेंडू झेलायचा आहे.