मास्तरांकडे दिलेली खुर्ची

लोकलेखा समितीची जुनी खोली बंद होणार होती. समिती नव्या इमारतीत जाणार, म्हणून जुन्या सदस्यांना एकदा चहाला बोलावलं होतं. वकीलबाईंनी सकाळपासून दोनदा साडी बदलली, तेव्हा सून हसत म्हणाली, "आई, चहाच आहे हो, शपथविधी नाही."

वकीलबाई हे नाव त्यांना सभागृहात पडलं. निवडून येण्याआधी त्या कोर्टात वकिली करायच्या आणि साधी चौकशीसुद्धा उलटतपासणीच्या सुरात करायच्या. त्या विरोधी पक्षाच्या, म्हणून रिवाजाप्रमाणे समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. सरकारी खात्यांनी आणि मंडळांनी लोकांचा पैसा कुठं घातला, हे विचारणं समितीचं काम. लेखापरीक्षकांचा अहवाल यायचा, बोलावणी जायची, आणि एरवी कुणाला दाद न देणारे साहेब त्या लांबट टेबलासमोर रुमालानं कपाळ टिपत बसायचे.

खोली त्यांना आठवत होती त्यापेक्षा लहान निघाली. खुर्च्यांची कापडं बदललेली, भिंतींना नवा रंग. पण वास तोच, जुन्या कागदांचा आणि पॉलिशचा. तो नाकात गेला आणि वकीलबाई क्षणभर दारातच थांबल्या.

काय दिवस होते ते. सभागृहात एकमेकांवर तुटून पडायचं आणि इथं येऊन एका किटलीतला चहा प्यायचा. सरकार पक्षाचे मास्तर यात सगळ्यांत पुढे. राजकारणात येण्याआधी ते शाळेत गणित शिकवायचे. वकीलबाई भाषणाला उभ्या राहिल्या की हे समोरून टोमणे मारणार, आणि तासाभरानं इथं डब्यातले शेंगदाणे पुढे करणार. "घ्या, माझ्यावर ओरडून घसा बसला असेल."

मग तो पाइपांचा विषय आला. पाणीपुरवठा मंडळानं वर्ष संपता संपता ढीगभर पाइप घेतले होते आणि ते मंडळाच्या आवारात तसेच गवतात पडून होते. लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले. मंडळाचे प्रमुख साक्षीला येणार होते, आणि ते होते वकीलबाईंचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

वकीलबाईंनी समितीला नातं सांगून टाकलं आणि त्या विषयापुरती खुर्ची सोडली. ज्येष्ठ म्हणून ती मास्तरांकडे गेली.

"अहो, माझ्याच सरकारचं मंडळ आहे ते," मास्तर म्हणाले.

"आणि माझेच भाऊजी आहेत."

मास्तरांनी चष्मा पुसला. "बरं. पण बाहेर बसून दाराला कान लावायचा नाही."

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. "सख्खी बहीण खुर्चीवर असताना माझ्या नवऱ्याला परक्यांच्या हवाली करतेस?" वकीलबाई समजावायला गेल्या, तोवर फोन ठेवलेला होता. पक्षाचे नेतेही चिडले. आयता हाती आलेला विषय सरकारच्या माणसाला देऊन टाकलात, आता तो सगळं गुंडाळून ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. वकीलबाईंनाही रात्री तेच वाटत राहिलं. आपण हात झटकून मोकळ्या झालो की काय?

साक्षीच्या दिवशी त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. दार उघडलं आणि भाऊजी बाहेर आले. ते निघून जातील असं त्यांना वाटलं, पण ते शेजारी येऊन बसले.

"मास्तरांनी विचारलं, पाइप कुणी मागितले होते? मी फाईल उघडली. तर म्हणाले, फाईल राहू द्या, गावाचं नाव सांगा." भाऊजी हाताच्या बोटांकडे बघत होते. "मला एकाही गावाचं नाव सांगता येईना गं."

"मग?"

"मग खरं ते सांगितलं. उरलेला पैसा परत गेला असता तर पुढच्या वर्षी मंडळाच्या निधीला कात्री लागली असती, म्हणून घेऊन टाकले. इतकी वर्षं हे कुणी मला विचारलंच नव्हतं."

अहवाल एकमतानं झाला. मंत्र्यांची माणसं मास्तरांकडे खेपा घालत होती म्हणे, पण एक ओळ इकडची तिकडे झाली नाही. गवतातले पाइप उचलले गेले आणि डोंगराकडच्या वस्त्यांना पाणी पोचलं. भाऊजींना प्रशिक्षण संस्थेत, अडगळीत टाकलं. पण तिथं ते रमले. नव्या अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी स्वतःच्या पाइपांची गोष्ट सांगायचे, काही न लपवता. ताईचा अबोला मात्र तिच्या धाकट्या लेकीच्या लग्नापर्यंत टिकला, आणि लग्नात "उभी काय राहिलीस, पाहुण्यांचं बघ" एवढं बोलून ती तो मोडून मोकळी झाली. पुढच्या निवडणुकीत मास्तरांचं तिकीट कापलं गेलं. ते परत कधी सभागृहात दिसले नाहीत.

"वकीलबाई, ओळख आहे की पाठ फिरवायची?"

मास्तर. लेकीच्या हाताला धरून आलेले, पार वाळलेले, कानात यंत्र. वकीलबाईंनी पुढं होऊन त्यांचा दुसरा हात धरला. दोघं टेबलाशी बसली. नवे सदस्य फोटोंत गुंतले होते.

"एक विचारू?" त्या कानाशी वाकून म्हणाल्या. "तुमचं तिकीट माझ्यामुळे गेलं ना? मी खुर्ची सोडली नसती तर..."

"उगाच मोठेपणा घेऊ नका. मला पक्षानं आधीच सांगितलं होतं, अहवालातला पाइपांचा परिच्छेद गाळा आणि मंत्री व्हा. घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, मंत्री झालात तर आणखी किती माणसांचा चहा करू मी?" मास्तर हसले. "खरं सांगू? इतकी वर्षं पक्ष सांगेल तेव्हा हात वर करत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न विचारला. पुढं घरी बसलो, पण त्या दिवसाचा कधी पस्तावा झाला नाही."

वकीलबाईंनी डोळे टिपले. मास्तरांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"इथं कोण बसायचे हो? ते डुलक्या काढणारे डॉक्टर?"

"छे. डॉक्टर खिडकीपाशी. इथं ते सतत खोकणारे."

"तुमचं काहीतरीच. खोकणारे माझ्या शेजारी होते, चांगलं आठवतंय मला."

चहा केव्हा संपला, पाहुणे केव्हा पांगले, कळलं नाही. मास्तरांची लेक दारात दोनदा येऊन गेली, आणि ही दोघं एकेका खुर्चीवरून वाद घालत, गेलेल्या माणसांना आपापल्या जागी बसवत राहिली.