हनुवटीखालचा उजेड

आसिलच्या धाकट्या मुलाला पाळण्यात घातलं ते साल १९७२. फ्रुंझे शहरातलं तिचं ते छोटं घर पाहुण्यांनी भरून गेलं होतं. माझा थोरला भाऊ कासिमआली, म्हणजे आसिलचा बाप, खिडकीपाशी बसला होता. उजवा हात गुडघ्यावर, मान जराशी डावीकडे. मांसाचं ताट समोर आलं तरी तो हलला नाही. माझी भावजय उल्कान वाडग्यात चहा ओतता ओतता म्हणाली, "अहो, इथं कोणी कागद घेऊन बसलेलं नाही. मान वळवली तरी चालेल."

सगळे हसले. तोही हसला, पण मान होती तिथंच ठेवून.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उल्कान आधी त्याला 'आसिलचे वडील' म्हणायची. तो चित्रशाळेत बसायला लागला तेव्हापासून 'आमचे बसणारे' म्हणू लागली.

तो जन्मभर डोंगरात मेंढ्या राखत होता. घोडा अंगावर पडून पाय अधू झाला, तेव्हा दोघं लेकीकडे शहरात आली. तिथल्या चित्रशाळेत त्याला बंब पेटवायचं काम मिळालं. एका हिवाळ्यात तिथं शिकवणाऱ्या लीदियाबाई तळघरात काही कामाला उतरल्या, आणि बंबाचं दार उघडून कोळसा टाकणारा माझा भाऊ त्यांना आगीच्या उजेडात दिसला. दुसऱ्या दिवसापासून बंब दुसऱ्या कोणाकडे गेला आणि कासिमआली वर वर्गात खुर्चीवर बसू लागला. मुलं भोवती बसून त्याचं चित्र काढायची. मेंढ्यांमागे दिवसदिवस गप्प बसायची सवय असलेल्या माणसाला ते काही जड गेलं नाही.

बसून बसून कान मात्र मोकळे राहायचे. दर शरद ऋतूत नवी मुलं यायची आणि बाई त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायच्या. माझ्या भावाला ते सगळं पाठ झालं. मी पीठ मळत असले की तो येऊन बसायचा आणि सांगायचा की जगात रेषा अशी कुठं नसतेच, एक वस्तू संपते आणि दुसरी सुरू होते ती कड आपण रेषेनं दाखवतो. मागची भिंत रिकामी नसते, तिला पार्श्वभूमी म्हणतात, आणि ती बिघडली की पुढचा माणूसही बिघडतो. एकदा त्यानं मेजावर सफरचंद ठेवलं. ही उजेडाची बाजू, ही अर्धछाया, ही छाया. "आणि आता इथं बघ बात्मा, अगदी खाली. छायेच्या पोटात बारीक उजेड आहे की नाही? तो खिडकीचा नाही. पांढऱ्या चादरीवर पडून परत वर आलाय. परतीचा उजेड म्हणतात त्याला. तो नसला तर फळ गोल दिसतच नाही."

मला खरोखरच तो दिसला. तेवढ्यात उल्कान आली, तिनं सफरचंद उचलून चिरलं आणि दोघांच्या हातात एकेक फोड दिली. म्हणाली, "आता सगळीकडून सारखंच आहे. खा."

त्या पाळण्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये उल्कान गेली. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी संपलं.

वर्षश्राद्धाच्या जेवणाआधी कबरीवर दगड उभा करायचा, आणि त्यावर माणसाचा चेहरा कोरायचा, अशी आता आमच्याकडे रीत पडली आहे. आसिलनं सगळं वेळेत करायचं ठरवलं. उल्कानचा एकच फोटो होता, पासपोर्टसाठी काढलेला. तो काढताना फोटोवाल्यानं तिला डोक्याचा रुमाल सोडायला लावला होता. लग्नानंतर परक्या पुरुषासमोर तिचं डोकं कधी उघडं पडलं नव्हतं. फोटोत ती अशी दिसते की आता तिला कोणी तरी मारणार आहे. आसिलनं तो मोठा करून आणला, त्यावर कोणाकडून तरी रुमालही रंगवून घेतला, आणि बापासमोर ठेवला.

कासिमआलीनं तो बराच वेळ पाहिला. म्हणाला, "ही ती नाही."

"मग कोण आहे, बाबा?" आसिल म्हणाली. "शेजारीण आहे का?"

तो तिला समजावू लागला. उजेड सरळ समोरून टाकलाय, त्यामुळं चेहरा भाकरीसारखा सपाट झालाय, अर्धछाया कुठंच नाही. आसिल म्हणाली की आईच्या दगडासमोर उभं राहून लोक अर्धछाया शोधणार नाहीत. भांडण झालं नाही. पण त्या रात्री तो जेवला नाही. मला एवढंच म्हणाला, "बात्मा, मी मेल्यावर ती भेदरलेली बाई कायमची तिथं उभी राहील. तिला ओळखणारं कोणी उरणार नाही."

मग त्यानं लीदियाबाईंना विचारलं की मी सांगतो तसा एखादा चेहरा मुलं काढतील का. बाई हो म्हणाल्या. त्याच्या पायामुळं सोबत म्हणून मी जात असे. तो खुर्चीवर बसायचा, पण आता त्याच्याकडे कोणी बघत नसे. तो सांगे आणि मुलं काढत. दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर, नाकाचा शेंडा जरा खाली, भुवया विरळ, गालाची हाडं रुंद. त्याला सगळी प्रमाणं ठाऊक होती. कागदावर दर वेळी एक चांगली बाई उतरायची. एकदा तर ती माझ्यासारखी दिसायला लागली. तो नाही म्हणून मान हलवायचा आणि मुलांचे आभार मानायचा.

एक दिवस मुलं गेल्यावर बाई त्याच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "कासिमआली, नाक-डोळे राहू देत. डोळे मिटल्यावर ती कुठं दिसते?"

तो डोळे मिटून म्हणाला, "दारात."

"कुठल्या दारात?"

मग त्यानं सांगितलं. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर त्यांचा लोकरीच्या नमद्याचा तंबू असायचा. दार उगवतीला. तो रात्री मेंढ्यांवर राखण करून पहाटे येऊन झोपायचा. ती गाई पिळून दुधाची बादली घेऊन आत यायची तेव्हा त्याला जाग यायची. सूर्य तिच्या पाठीशी. रुमालाची आणि खांद्याची कड तेवढी उजळलेली.

"मग चेहरा तर अंधारात असणार," बाई म्हणाल्या.

"अंधारातच," तो म्हणाला. "पण बाई, बादली भरलेली असायची ना. दुधावरून उजेड वर यायचा. इथं." त्यानं स्वतःच्या हनुवटीखाली बोट लावलं. "तेवढ्यात मला कळायचं, आज ती हसते आहे की रागावली आहे."

बाई उठल्या. त्यांनी करडा कागद घेतला आणि पांढऱ्या खडूनं स्वतः काढायला सुरुवात केली. चेहऱ्याला त्यांनी हात लावलाच नाही, कागद तसाच सोडला. कडेनं उजेड, आणि हनुवटीखाली, खालच्या ओठाखाली, नाकाच्या बुडाशी अगदी थोडा खडू. मी भावाच्या मागं उभी होते. मी म्हटलं, "वहिनी."

ते चित्र घेऊन भाऊ, आसिल आणि मी दगड कोरणाऱ्या ओस्मोनकडे गेलो. ओस्मोन काळ्या दगडावर टोच्यानं बारीक टिंबं पाडतो. टिंब पडलं की तिथं पांढरं होतं, म्हणजे उजेड तेवढा कोरायचा आणि काळोख दगडाचाच ठेवायचा. चित्र बघून तो म्हणाला, "काका, काम सोपं आहे. पण लोक म्हणतील, ओस्मोननं हात राखून काम केलं आणि बाईला तोंडच केलं नाही."

आसिलच्या हातात तो मोठा केलेला फोटो होता. ती चित्राकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल की हीच आई. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला अशी पाहिलीत, मला मान्य आहे. पण मी तिला अशी कधी पाहिली नाही. मी कडेवर होते, मांडीवर होते. माझ्यासाठी ती समोर होती. तिला डोळे होते. मी तिथं जाऊन काळ्या दगडाशी काय बोलू?"

माझा भाऊ दगडांच्या ढिगावर बसला. बसला तो वर्गात बसायचा तसाच, उजवा हात गुडघ्यावर. ओस्मोननं चहा आणला, तो निवून गेला. शेवटी भाऊ म्हणाला, "ओस्मोन, फोटो कोर. लेकीला आई समोरून पाहिजे." मग बादली, दूध यातलं काही न सांगता त्यानं एवढंच विचारलं, "हनुवटीखाली जरा उजेड ठेवशील का?"

ओस्मोन गोंधळला. "अहो काका, फोटोत उजेड समोरून आहे. हनुवटीखाली सावली पडते. तिथं उजेड येईल कुठून? जाणकार माणूस बघेल तर मला हसेल."

"हसू दे," माझा भाऊ म्हणाला. "चूक आहे ती. मला ठाऊक आहे. तू कर."

ओस्मोननं आसिलकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात तसं करा."

दगड वेळेत उभा राहिला. वर्षश्राद्धाचं जेवण झाल्यावर आम्ही सगळे कबरस्तानात गेलो, बाई आणि त्यांची काही मुलंही आली होती. चेहरा तोच होता, पासपोर्टवरचा. पण हनुवटीखाली आणि खालच्या ओठाच्या बुडाशी ओस्मोननं अगदी विरळ टिंबं टाकली होती, आणि त्यामुळं ती भेदरलेली बाई कोणाच्या तरी बोलण्याला उत्तर द्यायच्या बेतात असल्यासारखी दिसत होती. आसिल पुढं झाली आणि तिनं दगडाच्या गालावरची माती रुमालाच्या टोकानं पुसली. माती तिथं नव्हतीच.

वर्गातल्या एका मुलीनं हळूच बाईंना विचारलं की इथं उजेड दोन बाजूंनी आलाय, हे चूक ना? बाई म्हणाल्या, "हो, चूक आहे." आणि माझ्या भावाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतरही तो चित्रशाळेत बसत राहिला. दगडाचा विषय त्यानं घरात पुन्हा काढला नाही. आसिल मात्र दर वसंतात मुलांना घेऊन तिथं जायची, आणि धाकट्याला उचलून म्हणायची, "ही बघ आजी."

उल्कान १९७३ च्या मार्चमध्ये वारली. माझा भाऊ कासिमआली १९७९ च्या नोव्हेंबरात वारला, सकाळी, वर्ग चालू असताना, खुर्चीवर. तास संपेपर्यंत मुलांना कळलं नाही.